‘हे तर कुणालाही सुचलं असतं’: तेलविहिरीतल्या पॉलिमर सूक्ष्मकणांच्या पेटंटवरचा आक्षेप आणि त्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावच्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेने केळीच्या खांबातून काढलेलं नॅनोसेल्युलोज, म्हणजे वनस्पतीचे अतिसूक्ष्म तंतू, वापरून पॉलिमरचे सूक्ष्मकण तयार केले आहेत. जुन्या तेलक्षेत्रात पाण्याबरोबर हे कण खाली सोडले की आतल्या उष्णतेने ते फुगतात, पाण्याच्या मोकळ्या वाटा बुजवतात आणि पाणी तेल असलेल्या खडकाकडे वळतं. पेटंट ऑफिसचा पहिला परीक्षण अहवाल, म्हणजे एफईआर, आला आहे. नवीनपणा मान्य आहे, इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे शोध जाणकाराला उघड वाटू नये ही अट, पूर्ण झालेली नाही. दोन कागद समोर ठेवले आहेत. डी१ हे उष्णतेने फुगणाऱ्या सूक्ष्मकणांचं अमेरिकन पेटंट आणि डी२ हा शेतीसाठीच्या हायड्रोजेलमध्ये, म्हणजे पाणी धरणाऱ्या जेलमध्ये, नॅनोसेल्युलोज घातल्यावर जेल मजबूत होतं असं दाखवणारा शोधनिबंध. दोन्ही जोडले की तुमचा शोध तयार होतो, असा आक्षेप. त्या विचारतात, “असे कण जगात कुणी केलेलेच नाहीत, मग हे उघड कसं? आणि आता काही वाचवता येईल का?”

मॅडम, तुमच्या “जगात कुणी केलेलेच नाहीत” या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण एफईआरला उत्तर देताना बहुतेक जण इथेच वाट चुकतात. कुणी केलेलं नाही, हे नवीनपणाचं उत्तर झालं. नवीनपणा त्यांनी मान्य केलाच आहे. त्यावर आणखी चार पानं लिहिली तरी पदरात काही पडणार नाही. विचारलंय ते वेगळं. ज्याला हे काम येतं आणि ज्याच्यासमोर डी१ आणि डी२ दोन्ही उघडे आहेत, त्याने हे केलं असतं का? तुम्हाला दाखवायचंय ते असं, की त्याला हे करावंसं वाटायला कारण नव्हतं, किंवा केलं तर जमेल असा भरवसा नव्हता, किंवा जे हाती आलं ते त्याच्या अंदाजाबाहेरचं होतं. यातलं एक तरी हातात पाहिजे, आणि ते तुमच्या लॉगबुकातल्या आकड्यांनी सिद्ध झालं पाहिजे.

मी आधी अकरा वर्षं पॉलिमरच्या प्रयोगशाळेत काढली, मग पेटंट एजंटची परीक्षा दिली आणि तेव्हापासून जळगावातच हे काम करतो. इतक्या वर्षांत या आक्षेपावर जे अर्ज पडलेले पाहिले, त्यातले बरेचसे शोध वाईट नव्हते. उत्तरात प्रयोगाचा पुरावा नव्हता, म्हणून ते पडले.

आधी कायदा, थोडक्यात. पेटंट कायदा १९७० च्या कलम २(१)(जेए) मध्ये इन्व्हेंटिव्ह स्टेपची व्याख्या आहे. आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवं, किंवा दोन्ही. आणि त्या गुणामुळे तो शोध त्या विषयातल्या जाणकाराला उघड वाटता कामा नये. हे ‘आणि’ फार लोक वाचतच नाहीत. केळीचा घड काढला की खांब बांधावर फेकला जातो, त्यातून सेल्युलोज स्वस्तात मिळतं, हे आर्थिक महत्त्व झालं. तेवढ्याने कलम पूर्ण होत नाही.

या विषयावरचा आपला मूळ निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, १९७८ चा: बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. वाद होता लेथवर भांडी कातताना भांडं घट्ट धरून ठेवण्याच्या युक्तीचा. न्यायालयाने सांगितलं की कारखान्यात रोजच्या कामातून होणारी सुधारणा पेटंटला पुरत नाही, आणि माहीत असलेल्या गोष्टी नुसत्या एकत्र मांडल्या तर तो शोध ठरत नाही. पेटंट रद्द झालं. तुमच्या एफईआरमधला आक्षेप याच निकालाच्या पोटातून आलेला आहे. दुसरा निकाल तुमच्या बाजूने वापरायचा: रोश विरुद्ध सिप्ला, दिल्ली उच्च न्यायालय, २०१५. त्यात उघडपणा तपासायच्या पायऱ्या घालून दिल्या आहेत, आणि शेवटची पायरी अशी, की शोध आपल्याला माहीतच नाही असं धरून हा फरक जाणकाराला उघड वाटला असता का ते बघायचं. म्हणजे तुमच्या अर्जाच्या तारखेच्या आदल्या दिवशी जाऊन बसायचं. उत्तर हातात घेऊन मागे वळून पाहिलं तर प्रत्येक कोडं सोपंच दिसतं.

आता कणांकडे वळू, कारण खरी लढाई तिथे आहे.

अमळनेरचे माझे एक मेहुणे कापूस करतात. त्यांना एकदा हा कण समजावून सांगत होतो. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “यामा नवं काय शे? पानी लागनं का माटी फुगस.” आणि त्यांचं खरं होतं. वैशाखात आपल्या काळ्या जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिलं पाणी सोडलं की ते शेतात न पसरता सरळ भेगांत उतरतं. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि पुढचं पाणी सऱ्यांनी चालायला लागतं. जुन्या तेलक्षेत्राचं दुखणं हेच आहे. तेल वर ढकलायला एका विहिरीतून पाणी आत सोडतात. खडकात जिथे मोकळ्या पट्ट्या असतात तिथून ते पाणी धावत दुसऱ्या विहिरीत निघून जातं, आणि घट्ट थरातलं तेल जागच्या जागी राहतं. वर येतं ते बहुतेक पाणीच. (आपल्या पायाखाली काळा कातळ, तेलविहीर बघायची तर भुसावळ-सुरत मार्गे अंकलेश्वर गाठावं लागतं, जिथे १९६० साली तेल लागलं.)

पण मेहुण्यांच्या वाक्यातच फरकाची जागाही आहे. माती पाणी लागताच फुगते. कण तसा फुगला तर पाणी सोडायच्या विहिरीचंच तोंड बुजेल आणि काम तिथेच संपेल. खडकाच्या सूक्ष्म छिद्रांतून तो दूरवर, आत, जिथे थंड पाणी गरम व्हायला लागतं तिथपर्यंत लहानच राहून गेला पाहिजे, आणि मग फुगला पाहिजे. पाण्यात फुगणारा पॉलिमर ही जुनी गोष्ट आहे, लहान मुलांच्या डायपरमध्ये तोच असतो. उशिरा फुगणारा हवा, तेव्हा डोकं लागतं.

तुमचा डी१ याच घराण्यातला आहे. या घराण्यातलं सर्वांत ओळखीचं पेटंट म्हणजे नाल्कोचं, २००२ साली मंजूर झालेलं अमेरिकन पेटंट ६४५४००३. या तंत्राचं बाजारातलं नाव ब्राइटवॉटर. २००१ साली इंडोनेशियातल्या मिनास क्षेत्रात त्याची चाचणी झाली. त्यातली युक्ती शिंप्याच्या भाषेत सांगतो. शिंपी कपडा बेतताना आधी कच्ची शिलाई घालतो, नंतर ती उसवतो. पक्की शिलाई राहते. पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधणाऱ्या टाक्यांना क्रॉसलिंकर म्हणतात. या कणात दोन तऱ्हेचे टाके आहेत. पॉलिइथिलीन ग्लायकॉल डायअॅक्रिलेटसारखा एस्टर असलेला टाका गरम पाण्यात हळूहळू उसवतो. मेथिलीन बिसअॅक्रिलामाइडचा टाका टिकून राहतो. कच्चे टाके भरपूर घातलेले असल्याने कण आधी आवळून बसलेला असतो. ते उसवले की फुगतो, आणि पक्क्या टाक्यांमुळे फुगूनही विरघळून जात नाही.

क्लेममधले, म्हणजे पेटंटमध्ये नेमका हक्क सांगणाऱ्या कलमांतले, आकडे बघा, म्हणजे या शोधाचा जीव कुठे आहे ते कळेल. न फुगलेल्या कणाचा व्यास ०.०५ ते १० मायक्रॉन. उसवणारे टाके ९,००० ते २,००,००० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). न उसवणारे ० ते ३०० पीपीएम. हे वाचून कुणीही म्हणेल, ज्यापासून कण बनतो ते अॅक्रिलामाइड जुनं, तेलात पाण्याचे थेंब करून त्यांच्यात पॉलिमर बनवायची पद्धत जुनी, विरघळणारे टाके औषधं सोडणाऱ्या जेलमध्ये आधीपासून वापरात, आणि खडकाच्या वाटा बुजवायला जेल वापरणंही जुनंच, क्रोमियमने जोडलेलं पॉलिअॅक्रिलामाइड १९८० च्या दशकापासून माहीत. प्रत्येक सुटा भाग ओळखीचा. मग शोध कुठे?

माझ्या मते तो टाक्यांच्या उलट्या हिशोबात आहे. पाणी शोषणारा पॉलिमर बनवणारा माणूस क्रॉसलिंकर हात राखून घालतो, टक्क्याच्या छोट्या अंशात, कारण टाके वाढवले की फुगणं कमी होतं. हा त्या धंद्यातला पहिला धडा. इथे मात्र मुद्दाम इतके टाके घातले की कण फुगूच नये, आणि फुगवायचं काम उष्णतेवर सोपवलं. जुनं ज्ञान ज्या दिशेने नेतं त्याच्या उलट दिशेला हे पाऊल आहे. उघडपणाच्या वादात याला फार वजन आहे: आधीचं लिखाण जाणकाराला त्या वाटेपासून दूर नेत होतं, असं दाखवता आलं तर ‘दोन कागद जोडले की झालं’ हा तर्क टिकत नाही.

हे सगळं एवढ्या विस्ताराने सांगितलं ते डी१ चं कौतुक करायला नाही. तुमच्या कणात असं उलट पाऊल कोणतं, ते शोधायचं आहे. डी१ मधली उशिरा फुगायची युक्ती तुमची नाही, ती आता जुनं ज्ञान आहे. तुमच्या उत्तराच्या मसुद्यात पहिली दोन पानं उष्णतेने फुगण्यावर खर्च झाली आहेत. ती काढून टाका. त्यांनी तुमची बाजू उलट कमजोर होते, कारण कंट्रोलर, म्हणजे पेटंट ऑफिसातला निर्णय देणारा अधिकारी, म्हणेल, हे तर डी१ मध्येच आहे.

तुमचा फरक एकच: कणाच्या आत केळीच्या खांबाचं नॅनोसेल्युलोज. त्याने काय झालं? तुमच्या मसुद्यात लिहिलंय, ‘जेल अधिक मजबूत झालं’. मॅडम, एवढंच असेल तर आक्षेप बरोबर आहे, आणि हे मी तुम्हाला हिअरिंगच्या आधीच स्पष्ट सांगतो. डी२ म्हणतो सेल्युलोजने जेल मजबूत होतं. तुम्ही सेल्युलोज घातलं आणि जेल मजबूत झालं. अंदाज केला तेच मिळालं. जेवढं सेल्युलोज जास्त तेवढी मजबुती जास्त, असा सरळ चढता आलेख असेल, तर तो तुमच्या विरोधातलाच पुरावा ठरतो.

पण तुमच्या मसुद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, शेवटून दुसऱ्या तक्त्यात, एक गोष्ट दडलेली आहे. तिच्याकडे तुमचं स्वतःचं लक्ष गेलेलं दिसत नाही. कॅल्शियम असलेल्या खाऱ्या पाण्यात, गरम भट्टीत ठेवलेल्या नमुन्यांपैकी सेल्युलोजवाले नमुने शेवटपर्यंत एकजीव राहिले. बिनसेल्युलोजच्या नमुन्यांत खाली साका बसला आणि वर पाणी सुटलं. मी हे वाचून खुर्चीतून उठलो. का ते सांगतो.

साधारण ७०-७५ अंश सेल्सियसच्या वर अॅक्रिलामाइडचे अमाइड गट हळूहळू कार्बोक्झिलेट होत जातात. खाऱ्या पाण्यातलं कॅल्शियम त्यांना पकडतं, जेल आक्रसतं, पाणी सोडून देतं आणि बसतं. या क्षेत्रातलं हे जुनं दुखणं आहे. म्हणून तर त्यात एएमपीएस हा सल्फोनेट असलेला घटक घालतात. आता डी२ वाचा. तिथे मातीतलं गोडं पाणी आहे, साधं तापमान आहे, भट्टी नाही, कॅल्शियमचं नाव नाही. डी२ वाचून तेलक्षेत्राच्या माणसाला या दुखण्यावर औषध सापडेल असं काहीच त्यात नाही. उलट, मिठाच्या पाण्यात नॅनोसेल्युलोजचे गठ्ठे होतात ही त्या क्षेत्रातली माहीत असलेली अडचण आहे. गठ्ठे झाले की कण छिद्रात अडकणार, विहिरीचं तोंड बुजणार. म्हणजे जाणकार माणूस इथे सेल्युलोज घालायला बिचकला असता. त्याला कारण नव्हतं, भरवसा नव्हता, आणि मिळालं ते अंदाजाबाहेरचं. मी सुरुवातीला सांगितलेल्या तीनही गोष्टी या एका तक्त्यात आहेत. तुमचा शोध मजबुतीत नाही, या टिकण्यात आहे.

आता हा जाणकार माणूस कोण, हेही उत्तरात आपणच ठरवून मांडायचं, नाहीतर ते दुसरे ठरवतात. तेलक्षेत्राच्या कामात तो एकटा माणूस नसतो, रिझर्व्हॉयर इंजिनिअर, म्हणजे जमिनीतल्या तेलसाठ्याचा अभियंता, आणि पॉलिमर रसायनशास्त्रज्ञ मिळून एक जोडी धरतात. ही जोडी शेतीच्या हायड्रोजेलचे शोधनिबंध वाचत बसली असती का? असा प्रश्न टाकता येतो, पण फार ताणू नका. पाणी धरणारं जेल हा विषय शेजारचाच आहे. कंट्रोलरला तो परका वाटणार नाही. मी इथे एक परिच्छेद लिहितो आणि पुढे जातो. खरं बळ कॅल्शियमच्या तक्त्यात घालवायचं.

तुमच्या दुसऱ्या क्लेममध्ये सेल्युलोजचं प्रमाण टक्क्यांत आहे, आणि त्यावर ‘योग्य प्रमाण शोधणं हे नेहमीचं काम’ असा शेरा आहे. हा शेरा कुठून येतो ते माहीत असू द्या. अमेरिकेतला १९५५ चा अॅलर खटला. क्युमीन हायड्रोपरॉक्साइडपासून फिनॉल बनवण्याची जुनी पद्धत १०० अंश आणि १० टक्के सल्फ्युरिक आम्ल अशी होती. अर्जदाराने ४० ते ८० अंश आणि २५ ते ७० टक्के आम्ल असा दावा केला. त्याचं उत्पादन वाढलंही होतं. तरी न्यायालय म्हणालं, सर्वसाधारण परिस्थिती माहीत असताना नेहमीच्या प्रयोगांनी सोयीची मर्यादा शोधणं हा शोध नव्हे. तो निकाल भारतात बंधनकारक नाही, पण विचार तोच चालतो. यातून सुटायची वाट म्हणजे त्या मर्यादेच्या कडेला काहीतरी वेगळं घडतं हे दाखवणं. तुमच्या खालच्या टोकाच्या जरा अलीकडे साका बसतो आणि पलीकडे बसत नाही, असं आकड्यांत दिसलं तर ती मर्यादा जिवंत होते. सगळीकडे थोडं थोडं चांगलं दिसत असेल तर हा क्लेम सोडून द्यायची मनाची तयारी ठेवा.

अमेरिकेत पुढे जायचा विचार असेल तर तिथे २००७ च्या केएसआर निकालानंतर वाट आणखी अरुंद झाली. गाडीच्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडण्याचा वाद होता. दोन गोष्टी जोडण्याचा सल्ला कागदावर लिहिलेलाच असला पाहिजे असा हट्ट धरायचा नाही, जाणकाराची साधी समजही मोजायची, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. युरोपात जवळचा दस्तऐवज धरून फरकाने कोणता प्रश्न सुटला ते विचारतात, आणि माणसाला हे करता आलं असतं एवढ्यावर न थांबता त्याने ते केलं असतं का, हे तपासतात. तुमचा कॅल्शियमचा मुद्दा युरोपच्या पद्धतीत सर्वांत नीट बसतो.

आता प्रयोगाचं. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

तुमचा तक्ता चांगला आहे, पण तुलना चुकीच्या गोष्टीशी आहे. बिनसेल्युलोजचा जो नमुना घेतलाय तो तुमच्याच पद्धतीने बनवलेला आहे. कंट्रोलर विचारेल, डी१ मधल्या उदाहरणाशी तुलना कुठे आहे? म्हणून चार नमुने करा. पहिला, डी१ च्या एका उदाहरणाची जशीच्या तशी पुनरावृत्ती, त्यांचंच प्रमाण, त्यांचाच क्रॉसलिंकर. दुसरा, तोच कण आणि सेल्युलोज बाहेर, पाण्यात वेगळं मिसळलेलं. तिसरा, नुसतं सेल्युलोज. चौथा, तुमचा कण, सेल्युलोज आत. हे चार एकत्र करायला लावतो त्याला कारण आहे. तुमच्या एफईआरमध्ये खाली कलम ३(ई) चाही आक्षेप आहे: नुसतं मिश्रण, ज्यात घटकांच्या गुणांची फक्त बेरीज होते. दुसरा आणि तिसरा नमुना त्याचंच उत्तर आहे. कण अधिक सेल्युलोज यांची बेरीज साका थांबवत नाही आणि आत बसवलेलं सेल्युलोज थांबवतं, असं दिसलं तर एकाच तक्त्याने दोन्ही आक्षेप सुटतात.

कुप्या काचेच्या, जाड, नीट बंद होणाऱ्या. पाण्यातला ऑक्सिजन नायट्रोजनने घालवून मगच भरा, नाहीतर भट्टीत ऑक्सिजनच साखळ्या तोडेल आणि तुम्हाला वाटेल कण टिकला नाही. प्रत्येक नमुन्याच्या तीन कुप्या. रोज एका ठरलेल्या वेळेला भट्टी उघडा, कुपी फडक्याने धरा, तिरकी करा आणि फोटो काढा. पहिल्या दिवशी पातळ दुधासारखं सरकतं. टाके उसवायला लागले की कडेवरून उतरताना मागे पातळ पदर सोडतं, मग एकतारी पाकासारखं ओढ घेतं, आणि एके सकाळी कुपी आडवी केली तरी पृष्ठभाग जागचा हलत नाही. ज्या कुपीत साका बसणार असतो तिथे त्याआधी काचेला लागून पाण्याची एक बारीक रेघ सुटते. ती रेघ दिसली ती तारीख लिहा. माझ्या प्रयोगशाळेतल्या दिवसांत मी ती रेघ दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा लॉगबुकात ‘ठीक’ असं लिहून सोडून दिली. तिसऱ्या वेळी नमुना फुटला तेव्हा ती आठवली. म्हणून फोटो, तारीख, तापमान, सही. सहीखाली साक्षीदाराचीही सही.

मग वाळूची नळी. पोलादी नळीत वाळू ठासून भरायची, मधे मधे दाब मोजायची तोंडं, पुढचा भाग थंड आणि मागचा गरम. गिरणा नदीची वाळू घेऊ नका. तिच्यात बेसॉल्टचे कण असतात, ते रसायनात लुडबुड करतात. सिलिका वाळू आणा, आम्लाने धुऊन घ्या. कण थंड भागातून दाब न वाढवता पुढे सरकला आणि गरम भागात गेल्यावर दाब चढला, तर ‘गठ्ठे होऊन तोंड बुजेल’ ही जाणकाराची भीती तुमच्या कणाने खोटी ठरवली, असं तुम्ही म्हणू शकता. ज्या भीतीमुळे तो बिचकला असता, ती खरी का ठरली नाही हे दाखवणारा एक आलेख दहा पानांच्या युक्तिवादापेक्षा भारी पडतो. आणखी एक काळजी घ्या. क्लेममध्ये ‘कोणताही पॉलिमर’ लिहिलंय आणि प्रयोग एकाच पॉलिमरवर आहे. पुराव्याची रुंदी आणि दाव्याची रुंदी सारखी लागते. दावा अॅक्रिलामाइड आणि एएमपीएसपुरता आणा.

नंतर केलेले प्रयोग चालतील का, अशी शंका येईल. नवीन आकडे पुरावा म्हणून देता येतात. पण ज्या गुणाचा मूळ स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या वर्णनात, उल्लेखही नाही तो नंतर आणला तर दार बंद होतं. युरोपातल्या विस्तारित अपील मंडळाच्या २०२३ च्या जी २/२१ निर्णयाचा सूरही तोच आहे: तो परिणाम मूळ अर्जाच्या शिकवणुकीत जाणकाराला दिसला पाहिजे. तुमचं नशीब असं, की परिशिष्टातला तो तक्ता मूळ अर्जातही होता. दुर्लक्षित होता, पण होता. कलम ५९ प्रमाणे क्लेममधली दुरुस्ती मूळ मजकुराच्या बाहेर जाऊ शकत नाही आणि आधीच्या क्लेमपेक्षा रुंद होऊ शकत नाही. कॅल्शियमच्या पाण्यातला टिकाऊपणा आत आणल्याने क्लेम अरुंदच होतो, त्यामुळे ती दुरुस्ती बसेल. ‘मजबूत’ हा शब्द मात्र काढा. किती मजबूत, कशाने मोजलं, याचं उत्तर क्लेममध्ये नाही.

एका गोष्टीची चौकशी आजच करा. तुमच्या विद्यार्थ्याने हे काम कुठल्या परिषदेत मांडलं होतं का, प्रबंध ग्रंथालयात किंवा इंटरनेटवर कधी ठेवला गेला? माझ्याकडे एकदा एक तरुण संशोधक आला होता. त्याच्या पेटंटविरुद्धचा सर्वांत जवळचा दस्तऐवज त्याच्याच दोन पानी सारांशातून निघाला. अर्ज भरायच्या पाच महिने आधी संस्थेने परिषदेची पुस्तिका इंटरनेटवर टाकली होती, त्याला न विचारता. कलम ३१ मध्ये विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती ठराविक परिस्थितीतच लागू होते. कुठल्याही जर्नलमधल्या लेखाला तिचा आधार घेता येईल असं धरून चालू नका. त्या मुलाचा अर्ज वाचला नाही. त्याचा चेहरा मला अजून दिसतो, म्हणून प्रत्येकाला हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारतो. तुम्हाला उशिरा विचारतोय, कारण तुम्ही उशिरा आलात.

केळीच्या खांबाचंही बघा. तो जैविक स्रोत आहे, त्यामुळे स्पेसिफिकेशनमध्ये त्याचा स्रोत आणि मूळ ठिकाण सांगावं लागतं, आणि जैवविविधता कायद्याखालची पूर्तता पेटंट मंजूर होण्याआधी झाली पाहिजे. इन्व्हेंटिव्ह स्टेपचा मुद्दा जिंकूनही या एका कागदापायी अर्ज अडकून राहतो.

मुदतीचं सांगतो. एफईआर निघाल्यापासून सहा महिने, आणि मुदतीच्या आत अर्ज केला तर आणखी तीन. उत्तर मान्य झालं नाही तर हिअरिंग, आता बहुतेक व्हिडिओवरच होतं; त्यानंतर लेखी म्हणणं मांडायला पंधरा दिवस. तिथेही नकार आला तर तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील. नकार देताना कंट्रोलरला आधीचं ज्ञान काय, तुमचा शोध काय, आणि त्या ज्ञानातून तो जाणकाराला उघड कसा, हे तिन्ही कारणांसह लिहावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ च्या अॅग्रिबोर्ड निकालात सांगितलं आहे. म्हणून तुमच्या उत्तरातही हे तिन्ही भाग वेगवेगळे आणि स्पष्ट मांडा, म्हणजे निर्णयात त्यांना बगल देता येणार नाही.

तुमचा एफईआर निघून अडीच महिने झालेत. भट्टीला किमान तीस दिवस लागतील, वाळूच्या नळीला दोन आठवडे, मला मसुद्याला एक आठवडा. डी१ च्या उदाहरणातला क्रॉसलिंकर मागवायला आज ऑर्डर द्या, आणि सोमवारी येताना मूळ लॉगबुक आणा, टाइप केलेली प्रत नको. त्या तक्त्याच्या दिवशीची हाताने लिहिलेली नोंद मला बघायची आहे.